पोर्तुगीजांनी होर्मुझ घेतलं, मग एडन का नाही? आणि कार्ताझवर काय असायचं?

बडोदेकर:
गुजरातच्या जुन्या बंदरांवर इथे बडोद्यात प्रदर्शन लावतोय. एक फलक पोर्तुगीज आणि अरबस्तानाचा आहे. होर्मुझ हाती असूनही येमेनचं एडन बंदर त्यांना का मिळालं नाही? आणि सुरतेहून मक्केजवळच्या जेद्दा बंदरात जाणाऱ्या जहाजांच्या कार्ताझवर, म्हणजे परवान्यावर, नेमकं काय लिहिलेलं असे?

नाखवा:
एडन आधी. मार्च १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने तटाला शिड्या लावल्या. एकदम इतके शिपाई चढले की शिड्याच मोडल्या. वर पोचलेले अडकले आणि माघार घ्यावी लागली. १५०७ मध्ये जवळचं सोकोत्रा बेट घेतलं होतं, पण तिथे धड बंदर नाही, शिबंदीला धान्य पुरेना, म्हणून १५११ मध्ये सोडलं. थोडक्यात, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी टिकाऊ तळ झालाच नाही. गोव्याहून आरमार पाठवायचं आणि वारा फिरायच्या आत परत आणायचं, एवढ्यावर बाब-अल-मंदेब, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी, बंद कशी होणार? १५१५ मध्ये होर्मुझ पक्कं झालं खरं, पण ते इराणच्या आखाताचं दार. सुरत-जेद्दा वाट तिकडून जातच नाही. फलकावर नकाशा द्याच, लोक इथे हमखास गोंधळतात.

दप्तरी:
कार्ताझवर जहाजाचं नाव, नाखुदा (कप्तान), आकार, तोफा-हत्यारं आणि कुठून कुठे जाणार हे असे. मिरी आणि युद्धसामग्री न्यायला मनाई. शुल्क किरकोळ, खरी कमाई जकातीची, कारण पोर्तुगीज ठाण्यावर थांबून ती भरावी लागे. दीवचा किल्ला १५३५ पासून त्यांच्याकडे होता, गुजरातच्या जहाजांची मान तिथेच सापडे. कागदाबाहेरचं काही आढळलं की जहाजासकट जप्ती.

खंबायत:
धर्माची बाजू गाळू नका. परवान्यावर मरियम आणि येशूचं चित्र असे. खुश्कीची वाट शिया इराणातून, समुद्राची वाट या चित्राच्या कागदावर, म्हणून हज बंधनकारक उरत नाही, असा निवाडा अकबराच्या काळात धर्मपंडित अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी दिल्याचं त्या काळचा इतिहासकार बदायुनी नोंदवतो.

शिवाय ‘परवाना घेतला की जहाज सुरक्षित’ असं कृपया लिहू नका. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ असतानाही सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. त्यावर जहांगीरने दमणला वेढा घातला.