बांगडा खातो तरी काय?

प्रश्न (नांदेड):
आमच्याकडं गोदावरीचे रोहू, मरळ. काल पहिल्यांदाच बर्फातले बांगडे आणले. साफ करताना तोंड उघडलं, तर आत पिसासारख्या काड्यांच्या रांगा! मरळ दुसरे मासे गिळतो. हा कशावर जगतो?

उत्तर (मूळ रत्नागिरी, आता लातूर):
भाऊ, बरोबर जागी नजर गेली तुमची. ती कल्ल्यांची चाळणी. थव्यानं पोहताना बांगडा तोंड उघडून पाणी आत घेतो, कल्ल्यांतून सोडतो. त्यातलं बारीक खाद्य चाळणीत अडकतं. लहानपणी डायटमसारखं सूक्ष्म शेवाळ, मोठेपणी कोळंबीची, माशांची इवली पिल्लं. राहतो किनाऱ्याजवळ, बहुतेक २० ते ९० मीटर खोलीच्या पाण्यात. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाकडं तळाचं पोषक पाणी वर येतं, खाद्य फोफावतं. थवा त्या खाद्यामागं फिरतो. माझे आजोबा पाण्याचा रंग बघून जाळं टाकायचे, ते यामुळंच.

परभणी:
दादा, शेततळ्यात जमेल का?

लातूर:
नाही हो, तो खाऱ्या, मोकळ्या पाण्याचा. तुम्ही कटला सोडा. तोही वरच्या थरातलं बारीक खाद्य कल्ल्यांनीच गाळून खातो. पुढच्या वेळी त्याचे कल्ले उघडून बघा.

नांदेड:
रविवारी बघतोच.