एफ-वन (फॉर्म्युला वन) शर्यतीत मर्सिडीजचंच इंजिन, तरी 2014 ला मॅक्लारेन टीम मागे आणि 2024 ला पुढे. हे कसं?

केळीबाग_रावेर:
2014 ला मर्सिडीजच्या घरच्या टीमने 19 पैकी 16 शर्यती मारल्या. तेच इंजिन विकत घेणाऱ्या मॅक्लारेन, विल्यम्स, फोर्स इंडिया तिघांना मिळून एकही नाही. मग 2024 ला मॅक्लारेनने विकतच्याच इंजिनावर कन्स्ट्रक्टर्स किताब (टीमचं जेतेपद) नेला, 2025 ला परत नेला. आधी गिऱ्हाइकाला दुय्यम माल देत होते का? नियम नेमका कुठे बदलला?

धुळे_गॅरेज:
लोखंड तेच होतं भाऊ, 1.6 लिटरचं व्ही6 टर्बो. फरक पडायचा तो इंधन आणि सॉफ्टवेअरमुळे. इंधनाचा प्रवाह ताशी 100 किलोला बांधलेला, म्हणजे जास्त पेट्रोल ओतून ताकद काढायची सोयच नाही. आहे त्या किलोत किती काढता, एवढाच खेळ. मॅक्लारेन तेव्हा मोबिलचं इंधन वापरायची, इंजिन जुळवलेलं पेट्रोनासवर. इंधन नॉकिंग (अवेळी पेटून ठोके देणं) लवकर धरत असेल तर ठिणगी उशिरा द्यावी लागते, आणि तिथेच ताकद जाते.

2018 च्या सुरुवातीला एफआयएने (शर्यतीचे नियम करणारी संस्था) लेखी स्पष्ट केलं: एकाच कंपनीच्या सगळ्या टीम्सचं इंजिन एकाच स्पेसिफिकेशनचं, सॉफ्टवेअर तेच, चालवायचे मोड तेच, तेल-इंधनही तेच. गिऱ्हाइकाने स्वतःहून नको म्हटलं तरच वेगळं. पुढे 2020 ला मोन्झापासून क्वालिफाइंग (शर्यतीआधीची क्रम ठरवणारी फेरी) आणि शर्यत एकाच मोडमध्ये चालवायची सक्ती झाली. क्वालिफाइंगपुरती जादा ताकद काढायचा ‘पार्टी मोड’ संपला.

तापीकाठ:
धुळेकरांचं बरोबर, पण एवढ्याने उत्तर होत नाही. 2018 नंतरही गिऱ्हाईक लगेच जिंकायला लागले नाहीत.

रावेरच्या माणसाला पाण्याच्या मोटरीचंच उदाहरण देतो. दोन शेजाऱ्यांकडे एकाच कंपनीची 7.5 एचपीची मोटर. एकाने विहीर खोदतानाच तीन इंची पाइप सरळ टाकला. दुसऱ्याची लाइन आधीच अडीच इंची, वर चार एल्बो. मोटर तीच, पण दुसऱ्याच्या बागेत पाणी कमी पडणारच. एफ-वनमध्ये ही पाइपलाइन म्हणजे चॅसिस, गाडीचा सांगाडा. रेडिएटर केवढा, एक्झॉस्ट कुठून वळवायचा, गिअरबॉक्स कुठे बसणार, हे सगळं इंजिनच्या आकारावर ठरतं. 2014 ला मर्सिडीजने टर्बोचा कंप्रेसर (हवा दाबणारा भाग) इंजिनच्या पुढे आणि टर्बाइन (एक्झॉस्टवर फिरणारा भाग) मागे ठेवला. घरच्या टीमची गाडी त्या मांडणीसोबतच आखली गेली. गिऱ्हाइकाच्या हातात ड्रॉइंग येतं तेव्हा निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात.

माझ्या मते खरा बदल 2022 चा. 1 मार्च 2022 ला इंजिन ब्लॉक, टर्बो, इंधन, तेल गोठवलं, म्हणजे पुढे बदलायची बंदी; बॅटरी आणि कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स 1 सप्टेंबरला. इंजिन बदलणारच नसेल तर गिऱ्हाईकही दोन-तीन वर्षं त्याच मापावर गाडी घासूनपुसून आणू शकतं. मॅक्लारेनचा गिअरबॉक्स तर स्वतःचाच आहे.

शिरपूर_82:
आणि कुणी इंजिनच दिलं नाही तर? 2015 ला रेड बुल टीमचं इंजिन देणाऱ्या रेनोशी फाटलं, मर्सिडीज-फेरारीने नाही म्हटलं, होंडाला मॅक्लारेनने अडवलं. शेवटी रेनोचंच इंजिन घड्याळवाल्या टॅग ह्यूअरच्या नावाने लावून 2016 काढलं.

धुळे_गॅरेज:
त्याच भानगडीतून पुरवठ्याची सक्ती आली. एखादी टीम इंजिनविना राहिली तर ज्या कंपनीकडे सगळ्यात कमी टीम्स, तिने द्यायचं. 2018 पासून हंगामाचा दर आधीपेक्षा 30 लाख युरोंनी खाली आणायचं ठरलं. 2016 ला टोरो रोसो टीम फेरारीचं वर्षभर जुनं इंजिन घेऊन धावली, हंगाम पुढे सरकत गेला तशी मागे पडत गेली. जुना माल खपवणं पुढे बंद झालं.

केळीबाग_रावेर:
पाइपचं डोक्यात बसलं. म्हणजे 2026 च्या नव्या इंजिन-नियमांनी परत 2014 सारखंच?

तापीकाठ:
धोका तोच. एमजीयू-एच (टर्बोच्या उष्णतेतून वीज काढणारं यंत्र) काढला, एमजीयू-के (चाकांना विजेची ताकद देणारी मोटर) 120 वरून 350 किलोवॅटवर नेला. बॅटरीची उष्णता वाढली म्हणजे कूलिंगची मापं परत पहिल्यापासून. मागे पडलेल्या कंपनीला जादा सुधारणेची मुभा ठेवलीय, पण ती इंजिन बनवणाऱ्याला. ड्रॉइंग उशिरा मिळालेल्या गिऱ्हाइकाला त्यात काही नाही.

शिरपूर_82:
पिथमपूरला इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ‘बाजा’ स्पर्धेतल्या पेट्रोल गाड्या पाहा. सगळ्यांना एकच 10 एचपीचं इंजिन, गव्हर्नर (वेग रोखणारा भाग) 3800 आरपीएमला बांधलेला. तरी चढावर एक गाडी निघून जाते, दुसरीचा सीव्हीटीचा (बेल्टवर चालणाऱ्या गिअरचा) बेल्ट घसरून जळका वास मारतो. बठ्ठं इंजिनमा नई शे! (सगळं इंजिनात नाही!)