ओसीडीच्या 'ऑब्सेशन'ला 'ध्यास' म्हणावं का?

पारिजात: ओसीडी या मानसिक आजाराची लक्षणं सांगणारी पुस्तिका मराठीत करतेय. यात नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात, ते 'ऑब्सेशन'; आणि त्यापायी तेच ते करत राहावं लागतं, ते 'कम्पल्शन'. 'ऑब्सेशन'साठी 'ध्यास' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'कल्पनाग्रह' केलं. 'कम्पल्शन'चं झालं 'अनिवार्य कृती'. घाबरलेल्या माणसाला हे पहिल्या वाचनात कळेल? 'ध्यास' का नको?

ऋजुता: ध्यास माणूस हौसेने घेतो. गाण्याचा, शिक्षणाचा. इथे विचार नको असताना येतो, आणि हुसकला की दुप्पट जोराने येतो. आपल्या हातून बाळाला इजा होईल, या नुसत्या विचाराने एखाद्या आईला घाम फुटतो. तिने 'ध्यास' वाचलं तर? आपल्याला तसं करायचंच आहे असं वाटून ती आणखी खचेल.

जुनापिंपळ: 'मंत्रचळ' आहे की. जपात मंत्र चुकला की डोकं फिरतं, या समजुतीतून आलेला शब्द. या आजारासाठी वापरातही आहे. नवे शब्द कशाला पाडायचे?

ऋजुता: कोणाच्याही विक्षिप्त वागण्याला मंत्रचळ म्हणतात. शिवाय त्यात चूक माणसाचीच ठरते.

लंबक: 1877 मध्ये वेस्टफाल या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने जो शब्द वापरला, त्यात 'झ्वांग' म्हणजे सक्ती होती. इंग्रजीत येताना ब्रिटनमध्ये त्याचं 'ऑब्सेशन' झालं, अमेरिकेत 'कम्पल्शन', पुढे दोन्ही जोडले गेले. ऑब्सेशनचं लॅटिन मूळ म्हणजे वेढा घालून बसणं. 'पछाडणारे विचार' म्हणा.

जुनापिंपळ: पछाडतं ते भूत. आजाराच्या पुस्तिकेत भूत नको.

स्वल्पविराम: मला हा आजार आहे. कुलूप लावलंय हे मला ठाऊक असतं. ओढून पाहिलेलं असतं, बोटांना त्याचा गारवा अजून जाणवत असतो, तरी 'लागलं नसेल तर?' थांबत नाही. परत जाऊन ओढलं की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढची फेरी मारायला लावतं. याला सवय म्हणू नका, चाळा तर मुळीच नको. आणि टापटिपीच्या माणसांनी 'मला जरा ओसीडी आहे' म्हणणं सोडावं.

पारिजात: मग 'पिच्छा न सोडणारे विचार' आणि 'केल्यावाचून राहवत नाही अशा कृती'? पुढे वाक्य आहे: यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा कामं अडत असतील, तर तज्ज्ञांना भेटा.

स्वल्पविराम: 'पिच्छा' चालेल. अगदी तसंच होतं.

लंबक: मनातल्या मनात आकडे मोजणं, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणं हेही कम्पल्शनच. 'कृती' वाचून ते कोणाच्या लक्षात येईल?

ऋजुता: आणि 'राहवत नाही' आपण मोहासाठी वापरतो. इथे तर धास्ती असते. 'केल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही' बघा.

जुनापिंपळ: फार लांबण लागतं. मंत्रचळ एका शब्दात काम करतो. त्यातला 'चळ' चळण्यातलाच, म्हणजे मन ठिकाणावरून हलणं.

लंबक: मग 'चाळा'ही त्याच घरातला असणार. तो का वगळायचा?

जुनापिंपळ: चाळा हाताचा, चळ मनाचा. वेगळा धागा काढा, उदाहरणं देतो.