नक्कल मजकुराला गूगल शिक्षा करते की फक्त एका पानाची निवड करते?

धागालेखिका:
मराठी पाककृतींचे एक छोटे संकेतस्थळ मी काही वर्षे चालवते आहे. गेल्या चैत्रात लिहिलेली बाळकैऱ्यांच्या लोणच्याची कृती एका मोठ्या पोर्टलने शब्दशः उचलली. ‘कैऱ्या पुसून कोरड्या केल्याखेरीज बरणीला हात लावायचा नाही, असे आमच्या आजेसासूबाई म्हणत’ हे वाक्यसुद्धा तिथे जसेच्या तसे आहे. म्हणजे आजेसासूबाईही त्यांच्याच झाल्या. आता शोध घेतला की ते पोर्टल पहिल्या पानावर दिसते आणि माझे पान कुठेच नसते. शिक्षा चोराला व्हायला हवी, ती मूळ लेखकाला होते. म्हणून नक्कल मजकुराला शिक्षा करण्याची ही पद्धतच अन्याय्य आहे, असे माझे मत आहे. आपले काय म्हणणे आहे?

प्रतिसाद १:
असहमत, कारण आपण जिला अन्याय्य म्हणता ती शिक्षा मुळात अस्तित्वातच नाही. केवळ मजकूर दुबार आहे म्हणून दंड होत नाही, हे गूगलने 2008 सालीच जाहीरपणे लिहिले होते. 2013 मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी तर जालावरचा सुमारे 25 ते 30 टक्के मजकूर दुबारच असतो, असे सांगितले होते. आरत्या आणि शासन निर्णय हजारो ठिकाणी डकवलेले असतात. त्या सगळ्यांना दंड करायचा तर शोधायला काही उरणार नाही. प्रत्यक्षात सारखी पाने एका गटात टाकली जातात आणि त्यांतले एक प्रातिनिधिक, म्हणजे कॅनॉनिकल, म्हणून निवडले जाते. ही निवड करताना रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप पाठवणी), आतले-बाहेरचे दुवे, साइटमॅप (संकेतस्थळाच्या पानांची यादी) आणि पानावरचा कॅनॉनिकल टॅग, म्हणजे कोणते पान प्रातिनिधिक मानावे हे सांगणारी खूण, हे सारे पाहिले जाते. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 2009 मध्ये मिळून आणलेला हा टॅग गूगलच्या लेखी सूचना आहे, आज्ञा नव्हे.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसाद शब्दार्थाने बरोबर आहे, पण ज्याचे पान दिसेनासे झाले त्याला ‘तुम्हाला शिक्षा झालेली नाही, फक्त तुमची निवड झाली नाही’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ आहे. शिवाय शिक्षा नाहीच, हेही अर्धसत्य आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलाने इतरांचा मजकूर गोळा करून जगणारी संकेतस्थळे खाली ढकलली, आणि उचललेला मजकूर आजही गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. 2023 मध्ये गूगलने आपला सल्ला बदलला: रीतसर करार करून लेख दुसरीकडे छापायला दिला असेल, तर तिथे कॅनॉनिकल टॅगवर विसंबू नका, गूगलमध्ये त्या पानाची नोंदच होणार नाही अशी व्यवस्था करायला सांगा. परवानगीने दिलेल्या प्रतीपुढेही मूळ पान टिकेल याची खात्री नसेल, तर चोरलेल्या प्रतीपुढे लोणच्याच्या बरणीचा काय निभाव लागणार?

प्रतिसाद १:
पांडाचा रोख निकृष्ट मजकुरावर होता, दुबार मजकूर हा त्यातला एक भाग. पण ते राहू द्या. धागालेखिकेने सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात, स्वतःच्या पानाचा पत्ता तपासला आहे का? तक्रार करण्यापूर्वी एवढे तरी पाहायला हवे.

धागालेखिका:
आपला सूर आवडला नाही, तरी तपासले. माझे पान दुबार ठरले आहे हे खरे, पण त्याऐवजी निवडलेले पान पोर्टलचे नाही, माझेच आहे! मागे संकेतस्थळ नव्या जागी हलवले तेव्हा ही कृती मी पुन्हा चढवली होती आणि जुने पानही तसेच राहिले. दोन्ही पत्त्यांत ‘बाळकैऱ्यांचे-लोणचे’ असेच दिसते, मग ते दोन कसे?

प्रतिसाद ३:
हा आपल्या ‘ऱ्या’चा प्रताप आहे. काही कीबोर्ड तो ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडक वापरतात. दिसायला दोन्ही सारखे, पण पत्त्याचे टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात रूपांतर झाले की ते दोन निरनिराळे पत्ते असतात. जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301, म्हणजे कायमचा, रीडायरेक्ट लावा. जुने पान रोबोट्स फाइलने (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलने) मात्र अडवू नका. तसे केल्यास गूगलला तिथे जाताच येत नाही आणि रीडायरेक्टही दिसत नाही. पोर्टलविरुद्ध गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करता येते, आणि अशा ग्राह्य तक्रारींची संख्या क्रमवारी ठरवताना 2012 पासून विचारात घेतली जाते. जिन्नसांच्या यादीवर हक्क सांगू नका, आपल्या वाक्यांवर सांगा. आजेसासूबाईंचा परिच्छेद पुरावा म्हणून उत्तम आहे.

प्रतिसाद २:
म्हणजे घरची चूक निस्तरली तरी पोर्टलची प्रत पहिल्या पानावर आहेच. प्रतिसाद १ यांनी त्याचे उत्तर अजून दिलेले नाही.

प्रतिसाद १:
देतो. दोन पत्त्यांत विभागलेले दुवे एकत्र आल्यावर ती प्रत तिथे टिकते का, ते पाहू. टिकली, तर आपला मुद्दा मान्य करीन.

धागालेखिका:
रीडायरेक्ट काल रात्री लावला आणि तक्रारीचा अर्जही भरला. अर्जात मूळ पानाचा पत्ता विचारतात. परवापर्यंत मी दोन्हींपैकी कोणता लिहिला असता, देव जाणे. शिक्षेविषयीचे माझे मत अर्धे मागे घेते. उरलेले अर्धे पोर्टलने आजेसासूबाई परत केल्यावर.