मदत हवी आहे: मानकुराद आंब्याच्या जॅमला पावसाळ्यात बुरशी येते

चवथीला (गणेशचतुर्थीला) पंचवीस घरी घरगुती जॅमची लहान बाटली भेट द्यावयाची असून बाटलीसह प्रत्येकी ऐंशी रुपयांपेक्षा जास्त खर्च मला शक्य नाही. म्हणून मे महिन्यात डागाळलेले पण गोड मानकुराद म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून स्वस्तात घेतले आणि त्यांचा रस फ्रीझरमध्ये ठेवला.

गेल्या महिन्यात नमुना म्हणून एक किलो रसात सहाशे ग्रॅम साखर व दोन लिंबांचा रस घालून, थंड बशीवरच्या थेंबाला बोटाने सुरकुती पडेपर्यंत तो आटवला. लोणच्याच्या जुन्या बाटल्या दहा मिनिटे उकळून फडक्याने पुसल्या (हे फडके आता मला संशयास्पद वाटते) आणि जॅम कोमट झाल्यावर भरला. अकराव्या दिवशी झाकणाच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब आणि जॅमवर पांढरी बुरशी दिसली. चव मात्र उत्तम होती, त्यामुळे साखर फार वाढवण्यास मन धजत नाही.

सोडियम बेन्झोएट हे टिकवण्याचे रसायन वापरावयाचे नाही. बाटल्या किमान महिनाभर फ्रिजबाहेर टिकाव्यात, कारण सणात कोणाच्याही फ्रिजमध्ये जागा नसते. नव्या काचेच्या बाटल्या परवडत नाहीत, फक्त नवी झाकणे घेता येतील.

जॅम उकळता असतानाच भरून, झाकण लावलेल्या बाटल्या पुन्हा दहा मिनिटे पाण्यात उकळल्यास सहाशे ग्रॅम साखर पुरेल, की रसाइतकीच साखर घालण्यास पर्याय नाही?