लेन फ्रॉस्टची आठवण शायेनच्या त्या व्हिडिओवरूनच का काढायची?

रानवारा:
३० जुलै आला की अमेरिकेतला वळूस्वार लेन फ्रॉस्ट कसा गेला तोच व्हिडिओ फिरायला लागतो. १९८९, वायोमिंगमधलं शायेन, फ्रंटियर डेजचा रोडिओ (तिकडच्या गुराख्यांचे खेळ, त्यात उसळत्या वळूवर आठ सेकंद टिकायचं), पोरगा आठ सेकंद पूर्ण करून वळूवरून उतरला, चिखलात पडला, वळूने मागे फिरून शिंग रेटलं, बरगड्या मोडल्या, तरी उठला, मित्राला हात केला आणि कोसळला. वय २५. मला नाही बघवत. आणि माझं स्पष्ट म्हणणं आहे की त्याला यावरून आठवूच नये. १९८७ चा वर्ल्ड चॅम्पियन होता तो! पुढच्याच वर्षी रेड रॉकबरोबर सात लढती झाल्या. रेड रॉक म्हणजे असा वळू की व्यावसायिक रोडिओत ३०९ वेळा स्वार बसले आणि एकही आठ सेकंद टिकला नाही, रिटायर झालेला, त्याला खास या लढतींसाठी परत आणला होता. लेन सातपैकी चार वेळा टिकला. तीन वेळा पडला तेही सगळ्यांसमोर, आणि परत आला. हे कोणी का नाही शेअर करत?

आईच्या_नजरेतून:
अजिबात पटलं नाही. मरण बाजूला काढून नुसतं शौर्य सांगायचं, मग पुढची १८ वर्षांची पोरं तेच ऐकून वळूवर बसणार. वडील पण रोडिओवालेच होते ना त्याचे, म्हणजे घरात धोका माहीत होता, तरी गेलाच पोरगा. व्हिडिओ दाखवायलाच हवा. आणि त्या बैलाचं काय, नाजूक जागी पट्टा आवळतात म्हणून तो उसळतो, हा कसला खेळ!

डेन्व्हरकर:
ताई, पट्ट्याचं तेवढं चुकतंय, तो मागच्या पायांच्या पुढे पोटाभोवती असतो, तुम्ही म्हणता तिथे नाही. आणि बैल नव्हे, वळू. १०० पैकी ५० गुण स्वाराचे आणि ५० वळूचे असतात, वळू जोरात उसळला नाही तर स्वारालाही मार्क मिळत नाहीत. प्राण्याला त्रास होतो की नाही यावर भांडू, पण खरं काय ते धरून.
मरण विसरू नये हे मात्र पटतं. लेनचा दोस्त कोडी लॅम्बर्ट त्या दिवशी तिथेच होता, त्यानेच नंतर छाती-बरगड्यांसाठी संरक्षक जॅकेट बनवलं, आज वळूवर बसणारा प्रत्येक व्यावसायिक स्वार ते घालतो. शायेनला ते असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आईच्या_नजरेतून:
मग तो दुसरा वळूस्वार, मेसन लो? जानेवारी २०१९, तुमच्याच डेन्व्हरमध्ये. जॅकेट अंगात होतं. वळूचा पाय छातीवर पडला आणि गेला. तोही २५ चाच.

डेन्व्हरकर:
हो. याला उत्तर नाही माझ्याकडे. जॅकेटने मार कमी होतो, सगळा थांबत नाही, एवढंच म्हणू शकतो.

गावरान:
आमच्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला बंदी आली, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतीला परवानगी देणारा कायदा मान्य केला, त्या सगळ्या वर्षांत वाद ऐकलेत म्हणून सांगतो, रानवारा, तुमचं दुःख खरं आहे पण आपला बैल घरचा असतो, पोळ्याला त्याची पूजा होते. तिकडे माणूस आणि जनावर एकमेकांसमोर उभे. त्यात माया कसली?

रानवारा:
असं नाही हो. १९९० मध्ये लेनला रोडिओच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि त्याच वर्षी रेड रॉकलाही. स्वार आणि वळू एकाच वर्षी. माया नसती तर जनावराला तिथे कोण नेणार? लेनला पुरलंय ओक्लाहोमातल्या ह्यूगोला, फ्रेकल्स ब्राऊन शेजारी, ज्या म्हाताऱ्या चॅम्पियनकडून तो शिकला. आणि टफ हेडमन, ज्याला लेनने शेवटी हात केला तो मित्र, १९८९ च्याच राष्ट्रीय फायनलला शेवटच्या वळूवर आठ सेकंदांची शिट्टी झाली तरी उतरलाच नाही, लेनसाठी अजून आठ सेकंद बसून राहिला. नंतर मुलाच्या नावातही लेन घातलं. ताई, टफचा हा व्हिडिओ तरी बघा ना एकदा.

आईच्या_नजरेतून:
बघेन. पण माझ्या मुलाला दाखवायची वेळ आली तर आधी शायेनचा दाखवीन, मग हा.