हात वर करणं वेगळं, कायदा मोडीत काढणं वेगळं
अमेरिकेत केंद्राच्या बंदूक कायद्याला राज्याने सहकार्य नाकारलं की ते घटनाबाह्यच, असं काहीजण म्हणतात. अर्धंच खरं आहे. १९९७च्या प्रिन्ट्झ खटल्यात मोंटाना आणि ॲरिझोना राज्यांतल्या दोन शेरीफांचा (स्थानिक पोलीसप्रमुखांचा) सवाल एवढाच होता, की केंद्राच्या कायद्यासाठी पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी आम्ही का तपासत बसायची? सुप्रीम कोर्टाने ५-४ने त्यांची बाजू घेतली. केंद्राला सांगितलं, कायदा तुमचा, तर तो राबवणारी माणसंही तुमचीच आणा.

मिझुरी राज्याने मात्र २०२१मध्ये कहर केला. केंद्राचे काही कायदे राज्यापुरते थेट 'अवैध', वर ते राबवणाऱ्या स्थानिक पोलीस खात्याला ५०,००० डॉलर दंड! २०२३मध्ये फेडरल (केंद्रीय) कोर्टाने ते उडवलं, २०२४मध्ये अपिलातही तेच. आणि गंमत बघा, स्थलांतरितांना आसरा देणारी शहरं केंद्राला सहकार्य नाकारताना आता त्याच प्रिन्ट्झकडे बोट दाखवतात.